कोणीच न वाचलेली ओळ

आधी क्षमा मागतो. कांतिसरांविषयी लिहिण्याचा अधिकार माझा नाही. त्यांच्याबरोबर शिकलेली, त्यांच्याबरोबर शिकवणारी, त्यांच्या घरची अशी पुष्कळ माणसं आहेत, आणि त्यांना माझ्यापेक्षा नीट लिहिता येतं. मी त्यांचा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि हे छापून आलं तरी माझ्या वडिलांना, आबांना, ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागेल. तरी लिहितो आहे, कारण साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी माझं गाव आहे आणि त्या गावात सध्या सरांचं नाव शिवीसारखं घेतलं जातं. "त्या मास्तरनी पानी वाया घालं," असं पारावर बसलेला माणूस म्हणतो आणि थुंकतो. सरांना जाऊन महिना उलटला. ते आता उत्तर द्यायला येणार नाहीत. काय घडलं ते मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगावं, एवढाच हेतू आहे. गणिताचा भाग जमेल तितका सोपा करून सांगतो. चुकलं तर ती चूक माझी, सरांची नाही.

सर मूळचे धरणगावचे. त्यांच्या आजोबांनी मारवाडातून येऊन किराणा दुकान काढलं, ते आता थोरले भाऊ पन्नालालशेठ चालवतात. धाकट्याने गादीवर बसायचं नाकारलं, मुंबईला जाऊन गणितात एम.एस्सी. केलं, तिथे कॉम्प्युटर नावाच्या यंत्राची ओळख करून घेतली आणि परत येऊन जळगावात आमच्या कॉलेजात शिकवायला लागला. शेठजी चारचौघांत म्हणायचे, "आमचा कांती तराजू सोडून आकडे तोलतो. गिऱ्हाईक एक नाही, पण दुकान जोरात आहे." सर हसायचे. ते फार हसायचे, हे मी लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून ते गंभीर गृहस्थ होते असं वाटेल.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. सबंध जिल्ह्यातच नव्हता. सरांनी पुण्याच्या एका संस्थेशी ओळख काढली होती. तिथलं यंत्र दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ त्यांना मोफत मिळे. आम्हा चार-पाच मुलांना ते शनिवारी दुपारी रिकाम्या वर्गात प्रोग्राम लिहायला शिकवत. प्रोग्राम म्हणजे यंत्राने काय काय करायचं ते ओळीओळीने लिहिलेला मजकूर. तो चौकटी आखलेल्या कागदावर लिहायचा. पुण्यात तो कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा, एका ओळीला एक कार्ड. मग कंपायलर नावाचा तयार प्रोग्राम ती कार्डं वाचून आपला मजकूर यंत्राच्या भाषेत नेतो आणि मगच यंत्र कामाला लागतं. आमचे कागद घेऊन सर महिन्यातून एकदोनदा रेल्वेने जात. कार्डांचा गठ्ठा दुकानाच्या सुतळीने बांधून किराण्याच्या पिशवीत ठेवलेला असे. एकदा चाळीसगावला डब्यातल्या एका माणसाने विचारलं, "शेठ, लॉटरीची तिकिटं का?" सर म्हणाले, "तसंच काहीसं. पण निकाल आपल्यालाच लावावा लागतो."

एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी सबंध खेप फुकट जाई. परत जळगाव, परत दुरुस्ती, परत पुढच्या खेपेची वाट. जे पुण्यातच राहतात त्यांना हे कळणार नाही. ते दुपारी चूक काढून संध्याकाळी पुन्हा यंत्रासमोर उभे राहू शकतात. आमच्या आणि यंत्राच्या मध्ये सबंध रेल्वे होती. सरांच्या डोक्यात ती कल्पना आली ती या अंतरामुळे, असं मला आजही वाटतं.

त्याच सुमाराला धुळ्याकडचे बोरसेसाहेब सरांकडे येऊ लागले. ते सरकारी इंजिनिअर. दुष्काळात ठिकठिकाणी मातीचे तलाव बांधले गेले होते, ते घाईत झाले होते, आणि त्यांत पाणी अडवण्याआधी त्यांच्या भिंती तपासायच्या होत्या. मातीची भिंत पाणी प्यायली की कधी कधी तिचा एक भाग पोटातून कमानीसारखा तुटून खाली सरकतो. सरकवणारं वजन किती आणि धरून ठेवणारी ताकद किती, हे अशा शेकडो कल्पित कमानींसाठी मोजायचं आणि त्यातली सगळ्यांत वाईट कमान शोधायची. धरणाऱ्या ताकदीला सरकवणाऱ्या वजनाने भागून जो आकडा येतो तो एकाच्या खाली गेला की भिंत राहत नाही. हाताने हे करायला एका तलावाला महिना लागे. सर म्हणाले, यंत्राला पाच मिनिटं.

पण यंत्राची स्मृती फार लहान होती. प्रत्येक तलावाचे मातीचे थर वेगळे, उतार वेगळे. सगळ्यांना पुरेल असा एकच मोठा प्रोग्राम त्यात मावेना, आणि प्रत्येक तलावासाठी नवा लिहायचा तर पुन्हा रेल्वे आलीच. तेव्हा सरांनी असा प्रोग्राम लिहिला की जो स्वतः गणित करतच नाही. तो त्या तलावाची माहिती वाचतो आणि फक्त त्या तलावापुरता एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहितो, अक्षरशः ओळीओळीने, माणसाने लिहावा तसा. तो मजकूर यंत्राच्या साठवणीच्या तबकडीवर ठेवतो, कंपायलरला बोलावतो, त्याच्याकडून भाषांतर करून घेतो आणि लगेच चालवतो. उत्तर पटण्यासारखं नसलं तर मजकुरात बदल करून पुन्हा तेच. मधे माणूस नाही. एका खेपेत सगळं.

आम्हाला ते पटकन समजलं नाही. सर म्हणाले, "आमच्या दुकानात मुनीम आहे की नाही? मी असा मुनीम ठेवलाय, जो गिऱ्हाईक बघून नवा मुनीम तयार करतो. त्याला गादीवर बसवतो, काम करून घेतो आणि दुकान बंद करताना घालवून देतो. दुसरं गिऱ्हाईक आलं की दुसरा मुनीम."

मी विचारलं, "सर, त्या नव्या मुनीमाला बघतं कोण?"

"कोणीच नाही. बघायचं कशाला? उत्तर बघायचं."

तो लिहिलेला मजकूर कागदावर छापून घेता आला असता. त्यासाठी वेगळं काही करायचं नव्हतं. उलट छापू नये म्हणूनच पुढे एक कार्ड लावावं लागे. पण छपाईला वेळ लागे, जेवणाची सुट्टी संपे, आणि तिथला ऑपरेटर कागदावरून कुरकुर करी. सरांनी ते कार्ड लावलं. काम संपलं की तबकडीवरचा मजकूर पुसला जाई. पहिल्या काही तलावांची उत्तरं बोरसेसाहेबांच्या माणसांनी हाताने पडताळून पाहिली आणि ती तंतोतंत जुळली. मग पडताळणं थांबलं. सरांच्या अहवालावर कचेरीत शिक्का पडू लागला, 'संगणकाद्वारे तपासले'. त्या शिक्क्याचा वचक असा की पुढे कोणी काही विचारत नसे.

आमच्या गावचा तलावही त्यात होता.

तो तलाव आमच्या लोकांनी बांधला होता. दुष्काळाच्या उन्हाळ्यात गावात दाणा नव्हता, तेव्हा आबा, माय, मी, सबंध गाव त्या भिंतीवर माती वाहत होतं. सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचं सरकारी खाणं, मिळे, ती ओंजळीत घेऊन त्या भिंतीच्या सावलीत बसून आम्ही खाल्ली आहे. मुकादम टोळ्या पाडून देई आणि ज्या टोळीला जी खाण जवळ ती तिची. कोणी काळी माती आणली, कोणी पिवळी, कोणी मुरूम, कोणी नाल्यातली पांढरी. भिंत उभी राहिली तेव्हा कडेने ती गोधडीसारखी दिसत होती. दोन पावसाळे पाणी सोडायच्या मोरीचं दार उघडंच ठेवलं होतं. मग सरांच्या यंत्राचा आकडा आला, चांगला आला, आणि या पावसाळ्याच्या तोंडाशी दार बंद झालं. गावाने नारळ फोडला. माझ्या सरांनी तलाव पास केला म्हणून आबा मला म्हणाले, "तुना मास्तरले एकदाव जेवाले लई ये."

त्यानंतरच्या एका शनिवारची गोष्ट. मी पावसाच्या नोंदींची बेरीज करणारा प्रोग्राम लिहून आणला होता. वर्षभराची सगळी पदं मी एकाच ओळीत लिहिली, आणि ओळ कागदावरच्या जाड रेघेच्या पलीकडे गेली. एका कार्डावर ऐंशी घरं असतात, पण कंपायलर फक्त बहात्तर वाचतो. उरलेली कार्डांचे क्रमांक घालायला राखलेली. सरांनी त्या रेघेवर लाल पेन्सिल आपटली.

"सोनवणे, कुंपणाबाहेर पेरलंस की रे. तिकडचं पीक यंत्र कापत नाही."

"पण सर, चूक दाखवेल ना ते?"

"पद अर्धं तुटलं तर कदाचित ओरडेल. पण नेमकं पद संपतं तिथेच रेघ आली, तर नाही ओरडणार. त्याला वाटेल, या माणसाला एवढंच म्हणायचं होतं." ते हसले. "तुझा पाऊस ऑगस्टात थांबला असता. बिचारं यंत्र..."

हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण मागे काही नव्हतं. खडू घेऊन ते फळ्याकडे वळले आणि वजनांच्या बेरजेची एक ओळ लिहू लागले, जशी त्यांचा प्रोग्राम लिहीत असे तशी. पहिला थर, अधिक दुसरा, अधिक तिसरा. लिहिता लिहिता ते बोटाने घरं मोजत होते. आम्ही कागदावर लिहितो तेव्हा जाड रेघ डोळ्यांना दिसते. ती रेघ त्यांच्या प्रोग्रामला कोणी दाखवलीच नव्हती. तो लिहीत सुटत असे, आणि थर कमी असले तर ओळ आखूड राहून सगळं ठीक चाले. हाताने पडताळलेले सगळे तलाव कमी थरांचे होते.

बाकीची मुलं गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. "तुमच्या तलावाला थर किती आहेत रे?"

"मोजले नाहीत सर. टोळी तशी माती. पुष्कळ असतील."

"पुष्कळ," ते म्हणाले. हाताच्या पंजाने त्यांनी फळा पुसला. "धरणाऱ्या ताकदीची ओळ वेगळी आहे, ती आखूड. सरकवणाऱ्या वजनाची लांब. ती तुटली असेल तर वजन कमी भरेल. वजन कमी भरलं की आकडा चांगला येतो."

मग ते म्हणाले, "कदाचित तुटली नसेलही. मला माहीत नाही. त्याने काय लिहिलं होतं ते मी वाचलेलंच नाही."

त्या दिवसापासून सरांचा घास गोड राहिला नाही. पुण्याला पत्र टाकलं, तर यंत्राच्या खोलीतली थंड हवेची सोय बिघडल्याने यंत्र बंद होतं, केव्हा सुरू होईल सांगता येत नव्हतं. तोवर त्यांनी हाताने गणित सुरू केलं, पण इतके थर आणि इतक्या कमानी, ते संपायच्या आत पावसाळा संपला असता. आम्ही दोघं धुळ्याला बोरसेसाहेबांकडे गेलो. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कांतिलालजी, गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून तुम्ही मला पटवलंत की माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही. मी ते वर पटवलं. आता मी वर काय सांगू?"

"सांगा की यंत्राने बरोबरच केलं. त्याला लिहून दिलेलं चुकीचं असू शकतं."

"कोणी लिहून दिलं?"

"यंत्रानेच."

"हे मी फाईलवर कसं लिहू, तुम्हीच सांगा. दुष्काळातून उठलेलं गाव आहे. भरलेला तलाव रिकामा करायचा तर काहीतरी कागद लागेल. तुमच्याकडे काय आहे? शंका."

सरांकडे खरंच शंकेपलीकडे काही नव्हतं. जे पाहायला हवं होतं ते पुसलं गेलं होतं.

धुळ्याहून आम्ही तसेच साक्रीच्या एस.टी.त बसलो. सरांना भिंत पाहायची होती. तलाव तुडुंब भरला होता. आमच्या भागात एवढं पाणी एका ठिकाणी मी कधी पाहिलं नव्हतं, आणि गावातल्या लोकांनीही नाही. माणसं नुसती पाहायला येऊन बसत. सर भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, मग खाली उतरले. भिंतीच्या पायथ्याशी एके ठिकाणी गवत जरा जास्तच हिरवं होतं. त्यांनी बसून हात लावला. ओल होती. शेजारी म्हैस धुणारा एक जण कौतुकाने म्हणाला, "पाझर शे भाऊ. आते विहिरीसले बी पानी लागी." सरांनी मान हलवली. हात धुतला नाही, मातीचा हात तसाच धरून ते उभे राहिले. तिथून आमची घरं दिसत होती, पहिल्या ओळीत आमचंच. उन्हात त्यांचे डोळे मला पिवळे वाटले. मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "जागरण आहे रे."

आमच्या घरी मायने भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. सरांनी दोन घास खाल्ले, ताट बाजूला सारलं आणि आबांना धीर करून सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, सरांना नाही, "मास्तरले इचार, बठ्ठा गावनी माती वाही तठे. तुनी मायनी बी वाही. मंग ती पडी कशी?" सरांना अहिराणी चांगली समजत असे. मला वाटतं, त्यांना ते पटलेलंच होतं. कष्ट खरे होते, माती खरी होती. फक्त बेरीज खरी होती की नाही ते कोणाला ठाऊक नव्हतं.

आमची शेवटची भेट जळगाव स्टेशनवर झाली. पुण्याचं यंत्र सुरू झाल्याचा निरोप आला होता. सर पिशवी छातीशी धरून बाकावर बसले होते. आता डोळेच नव्हेत, तर हाताची नखंही पिवळी दिसत होती. डॉक्टरने कावीळ सांगितली होती, पडून राहायला सांगितलं होतं. पन्नालालशेठ त्यांना न्यायला आले होते आणि फलाटावर दोघा भावांची बोलाचाली चालली होती.

"यंत्र पळून जात नाही," शेठजी म्हणत होते. "पंधरा दिवस पडून राहा. मग जा. मी स्वतः सोडतो."

"दादा, यंत्र नाही जात. पावसाळा चाललाय."

"आणि तुला काही झालं तर?"

"तर मग तुमचा माल परत घ्या," सर म्हणाले. शेठजी हसले नाहीत.

गाडी आली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "तू आज घरी जा. पाणी सोडा असं सांगू नकोस, ते ऐकणार नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. एवढंच सांग की काही दिवस चढावरच्या शाळेत झोपा. या वेळी मी छपाई बंद करणारं कार्ड काढून टाकलंय. त्याने काय लिहिलंय ते वाचूनच मी परत येईन." गाडी हलल्यावर त्यांनी हात वर केला नाही. पिशवी दोन्ही हातांनी धरलेली होती.

मी गावी गेलो. पारावर सगळ्यांसमोर बोलायची माझी ती पहिलीच वेळ. मला नीट बोलता आलं नाही. नाना म्हणून आमच्यातले वडीलधारे आहेत, ते म्हणाले, "उन्हाळामा यंत्र सांगे पक्कं शे, आते सांगस कच्चं शे. त्या यंत्रले सुकडी खावाडा रे कोनी." सगळे हसले. मग हसू थांबलं आणि कोणीतरी म्हणालं, "पानी सोडी देवो तं गहू कसावर पेरसूत?"

तरी माय आणि शेजारच्या काही बाया पोरांना घेऊन संध्याकाळी शाळेत जाऊ लागल्या. आबा गेले नाहीत. मी हात धरला तर म्हणाले, "मी वर गऊ तं गाव म्हनी, सोनवनेसलेच भरोसा नही." त्यांनी खाट मुद्दाम पडवीत, तलावाच्या भिंतीच्या बाजूला टाकली. पाऊस लागून राहिला होता. नाल्यांना पाणी, एस.टी. बंद, पोस्ट बंद. मी रोज सकाळी त्या ओल्या जागेशी जाऊन बसत असे. गवताच्या खाली आता चिखल झाला होता आणि चिखलातून पाणी गढूळ येऊ लागलं होतं. आधी ते स्वच्छ असे. आबांना दाखवलं. त्यांनी पाहिलं, आणि त्या दिवशीही खाट तिथेच टाकली.

गुरुवारी उघडीप झाली आणि दुपारी बोरसेसाहेबांची जीप आली. त्यांच्या हातात पुण्याहून आलेला लांबलचक छापील कागद होता. मला बाजूला घेऊन त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. सरांच्या लाल पेन्सिलीची खूण होती तिथे. थरांची बेरीज बहात्तराव्या घरात एका पदापाशी नेमकी संपली होती. पुढचे थर कुठेच नव्हते. कंपायलरने ती ओळ पूर्ण मानून पुढे चाल दिली होती. खाली सरांनी ओळ दोन कार्डांवर तोडून पुन्हा चालवलेलं उत्तर होतं. आकडा एकाच्या खाली.

"तार आधीच आली होती," बोरसेसाहेब खाली पाहत म्हणाले. "मी दौऱ्यावर. मग वरची सही. मग पूल बंद..."

त्यांच्या माणसांनी मोरीचं चाक फिरवलं. पाणी नाल्यात पडू लागलं तेव्हा त्याचा आवाज गावभर ऐकू आला, आणि सगळं गाव येऊन काठावर उभं राहिलं. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. एक म्हातारी रडत होती, दुष्काळात तिचा नातू गेला होता. आबा दगडावर बसून अंधार पडेपर्यंत पाहत राहिले. पुढचे दिवस तेच चाललं, पाणी उतरत गेलं आणि भिंत तशीच उभी राहिली. हेच सरांच्या नावाला बाधलं. ती पडली असती तर गाव त्यांच्या पाया पडलं असतं. ती उभी आहे, रब्बीचं पाणी गेलं आहे, आणि छापील कागदावरची तुटलेली ओळ आमच्या गावात कोणाला वाचता येत नाही. मी समजावतो तेव्हा नाना म्हणतात, "तुना मास्तर मोठा हुशार. नही झायं तेच व्हतं म्हनी दखाडस." मला गढूळ पाणी दाखवता येत नाही, ते वाळलं.

रस्ता सुरू झाल्यावर मी पहिल्या एस.टी.ने निघालो. सरांना सांगायचं होतं. वाटेत मी शब्द जुळवत होतो, लोक रागावलेत हे आधी सांगावं की नंतर. कॉलेजात शिपाई म्हणाला, सर पुण्याहून आले ते थेट धरणगावलाच नेले. मी धरणगावला गेलो. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. ओसरीवर पांढरे कपडे घातलेली माणसं सतरंजीवर बसली होती, आणि मी चप्पल काढता काढता सगळं समजलो.

शेठजींनी मला ओळखलं. जवळ बसवून घेतलं.

"पुण्याला यंत्राच्या खोलीतच चक्कर आली म्हणे," ते मग म्हणाले. "तरी तार केली, कागद पाठवला, मगच दवाखान्यात गेला. आम्ही इथे आणला. तापात एकच विचारायचा, पाणी सोडलं का, पाणी सोडलं का. आम्हाला काय कळणार कुठलं पाणी? त्याच्या वहिनीने दोनदा पेला भरून आणला. तोंड फिरवायचा." शेठजींनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. "मग मंगळवारी कॉलेजातले एक सर आले, त्यांनी तलावाचं सांगितलं. तेव्हा मीच त्याच्या कानाशी वाकलो. म्हटलं, कांती, सोडलं रे सगळं पाणी. गाव सुखरूप आहे. मला काय ठाऊक होतं? पण त्याने ऐकलं. माझा हात सोडला आणि झोपला. त्यातून उठला नाही."

मी खाली मान घालून बसलो होतो. मंगळवारी मोरीचं दार बंद होतं आणि आबांची खाट पडवीत होती.

शेठजींनी विचारलं, "सोडलं ना रे पाणी?"

"सोडलं शेठजी. गुरुवारी."

त्यांनी मनाशी वार जुळवून पाहिले असावेत. समोरच्या माणसांकडे पाहत ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी सांगितलं तेव्हा ते खोटं होतं." आणि थोड्या वेळाने, "त्याला मात्र तेवढीच बातमी पोचली."